कापडी पिशव्या अकरा झाल्या, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या वर्षभरात तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद केल्या, घरात आता अकरा कापडी पिशव्या जमल्यात, बांबूचे ब्रश आले, फोन चार्ज झाला की चार्जर न विसरता सॉकेटमधून काढता, मांसाहार सोडून चीज खायला लागलात, कंपोस्टची बादली सुरू केली आणि वास सुटल्यावर घरच्यांनी ती बंद पाडली. घरातले वैतागलेत. या सगळ्यानं खरंच काही फरक पडतो का आणि अजून काय काय करायला हवं, असं तुम्ही विचारलंय.

'अजून काय' हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. यादी आधीच पुरेशी लांब आहे. घोळ असा आहे की यादीतल्या प्रत्येक गोष्टीला तुम्ही सारखंच वजन दिलंय, आणि त्यांच्या परिणामांत मात्र कित्येक पटींचं अंतर आहे. कष्ट एकाकडे, फायदा दुसरीकडे, असं झालं की माणूस थकतो आणि घरातले चिडतात.

तुमच्या चार्जरचंच बघा. फोन न जोडता सॉकेटमध्ये राहिलेला आजकालचा बरा चार्जर ०.१ वॉटच्या आसपास वीज घेतो. वर्षाचे ८,७६० तास तो तसाच राहिला तरी जेमतेम ०.८८ युनिट होतं. आता अंघोळीचं पाणी घ्या. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात. ६० लिटर पाणी २० अंशांनी तापवायचं तर सुमारे ५,००० किलोज्यूल, म्हणजे १.४ युनिट. वर्षभर रोज आठवणीनं चार्जर काढून जेवढं वाचतं, तेवढ्यात एक अंघोळही पुरी होत नाही. चार्जर काढू नका असं मी म्हणत नाही. फक्त त्यावरून घरात वाद घालू नका.

मोठ्या फरकांचा अंदाज यावा म्हणून एक अभ्यास सांगतो. २०१७ मध्ये सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस यांनी वैयक्तिक बदलांची तुलना केली होती. विकसित देशांतल्या माणसासाठी वर्षाला वाचणारा कार्बन त्यांनी असा काढला: गाडीशिवाय राहणं सुमारे २.४ टन, अटलांटिकपलीकडचा एक जाऊन-येऊन विमानप्रवास टाळणं १.६ टन, पूर्ण वनस्पतीजन्य आहार ०.८ टन, रिसायकलिंग ०.२ टनाच्या आसपास आणि दिवे बदलणं ०.१ टन. हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू होणार नाहीत. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला पहिल्या ओळीचा उपयोग शून्य. पण क्रम डोक्यात ठेवायला ते चांगले आहेत.

काय कशावर अवलंबून आहे तेही आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. तुमची वीज कोळशावर तयार होत असेल तर एका युनिटमागे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो. जलविद्युत किंवा पवनऊर्जा असेल तर काही ग्रॅम. म्हणजे तोच हीटर एकीकडे मोठा गुन्हेगार, दुसरीकडे किरकोळ. तुमच्याकडे थंडी जास्त की उकाडा, घर स्वतःचं की भाड्याचं, माणसं किती, कामाची जागा किती लांब, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे का, या सगळ्यानं क्रम बदलतो. तरी घराघरांचे हिशेब तपासले की मोठे आकडे त्याच पाच ठिकाणी सापडतात: वाया जाणारं अन्न, ताटातले प्राणीजन्य पदार्थ, तापवणं आणि गार करणं, प्रवासाचं इंधन, आणि नवीन वस्तूंची खरेदी.

अन्नापासून सुरुवात करा, कारण तिथे कुणाला काही सोडायला सांगावं लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून गेलं. माणशी वर्षाला ७९ किलो, म्हणजे दिवसाला दोनशे ग्रॅमच्या वर. यात साली-बिया-हाडं असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. फेकलेल्या अन्नाचं दुखणं दुहेरी असतं. ते पिकवायला, साठवायला, शिजवायला लागलेलं खत, पाणी, इंधन वाया जातंच, शिवाय कचऱ्याच्या ढिगाखाली हवा न मिळता सडलं की मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो, शंभर वर्षांच्या हिशेबात अठ्ठावीसपटीच्या आसपास. तो हवेत साधारण बाराच वर्षं टिकतो, म्हणून आज कमी केला तर परिणाम लवकर दिसतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. ओट्याजवळ दोन डबे ठेवा. एकात न खाण्याजोगं (साली, देठ, बिया), दुसऱ्यात जे खाता आलं असतं ते सगळं: उरलेलं शिजवलेलं, सडलेली भाजी, तारीख उलटलेलं पाकीट. रोज रात्री फक्त दुसरा डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा, वजन लिहायचं आणि शेजारी एका शब्दात कारण. 'जास्त शिजलं', 'विसरलं', 'सडलं', 'आवडलं नाही'. चौदा दिवस. या दिवसांत काहीही सुधारायचा प्रयत्न करू नका, नाहीतर आकडे खोटे येतील. कुणाचं नाव लिहायचं नाही, नाहीतर तिसऱ्या दिवशी डबा रिकामा आणि कचऱ्याची पिशवी जड, असं होतं.

चौदा दिवसांनी यादीत बहुतेक वेळा दोनच कारणं वर येतात, 'जास्त शिजलं' आणि 'विसरलं'.

जास्त शिजण्यावर उपाय म्हणजे माप. अंदाजानं घेतलेली मूठ दर खेपेला थोडी मोठीच होते. कोरडं धान्य माणशी ६० ते ८० ग्रॅमच्या मधे धरा, एक वाटी ठरवा, ती काट्यावर एकदा भरून बघा आणि त्या पातळीवर खूण करा. ती वाटी धान्याच्या डब्यातच राहिली पाहिजे. खणात ठेवली की आठवड्यात माप सुटतं.

विसरण्यावर उपाय फ्रिजच्या मांडणीत आहे. डोळ्यांच्या उंचीवरचा कप्पा किंवा एक उथळ ट्रे 'आधी हे संपवा' म्हणून राखून ठेवा. उरलेलं, अर्धं कापलेलं, दोन दिवसांत उतरणारं, सगळं तिथे. डबे पारदर्शक हवेत. अपारदर्शक डब्यात गेलेलं अन्न थेट बुरशी आल्यावरच उघडलं जातं.

फ्रिजचं तापमान एकदा खरंच मोजा. आतल्या चकतीवरचे १ ते ५ आकडे म्हणजे अंश नव्हेत, ते फक्त कमी-जास्त सांगतात. मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात साधा थर्मामीटर रात्रभर ठेवा. सकाळी ४ अंश किंवा त्याहून थोडं कमी दिसलं पाहिजे. ७-८ दिसत असेल तर दूध आणि शिजवलेलं अन्न लवकर का खराब होतं याचं उत्तर तिथेच आहे. दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून बंद करा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून गारवा जातोय. गरम अन्न खोल पातेल्यात तसंच ठेवू नका, पसरट भांड्यात काढा म्हणजे लवकर निवतं, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. पालेभाजी ओली ठेवली की सडते: पाणी निथळू द्या, कोरड्या फडक्यात गुंडाळा. केळी, सफरचंद, टोमॅटो यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याच्या संगतीत पानं लवकर पिवळी पडतात. कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत, एकमेकांजवळ दोन्ही लवकर बिघडतात.

तारखांबद्दल एक. 'बेस्ट बिफोर' ही चवीची, कुरकुरीतपणाची तारीख असते. ती उलटली म्हणून बंद पाकीट विषारी होत नाही, उघडून वास-रंग बघून ठरवा. 'यूज बाय' ही मात्र सुरक्षिततेची तारीख, ती पाळा.

हे सगळं झाल्यावर कंपोस्ट. हा क्रम मी मुद्दाम लावलाय. कंपोस्ट म्हणजे वाया गेलेल्या अन्नाचं प्रायश्चित्त नव्हे. भरलेलं ताट बादलीत टाकलं तर ते पिकवताना गेलेला कार्बन परत येत नाही. फक्त पुढचा मिथेन टळतो. सालींसाठी मात्र ती उत्तम आहे.

तुमची बादली का नासली ते न बघताही बऱ्यापैकी सांगता येईल: ओलं जास्त, सुकं कमी, हवा नाही. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कार्बनचे २५ ते ३० भाग लागतात. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर असतं. म्हणून एक मग ओलं टाकलं की वर दोन ते तीन मग सुकं: वाळलेली पानं, फाडलेला साधा पुठ्ठा, थोडा लाकडाचा भुसा. चकचकीत छापील कागद नको. साली ३-४ सेंटिमीटरचे तुकडे करून टाका. बादलीला तळाशी आणि बाजूंना ८-१० मिलिमीटरची भोकं हवीत आणि ती दोन विटांवर उचललेली हवी. तळ जमिनीला टेकला की भोकं असून नसल्यासारखी.

वास हा चांगला निदानकर्ता आहे. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास म्हणजे नत्र जास्त, सुकं वाढवा. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा नाही, काठीनं तळापासून वरखाली करा. ओलावा तपासायला मूठभर माल घट्ट पिळा: बोटांमधून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर सुकं घाला, काहीच आलं नाही आणि मूठ उघडताच माल विखुरला तर पाणी शिंपडा. आठवड्यातून दोनदा हलवा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामाची आहे. अळ्या आणि बारीक माश्या याचा अर्थ ओला थर उघडा राहिला. शेवटचा थर नेहमी सुक्याचा, तीन-चार सेंटिमीटर. तेलकट, मांस, दुधाचे पदार्थ अशा लहान बादलीत टाकू नका. ढीग छोटा असल्यानं तो फारसा तापत नाही, त्यामुळे घाईही नको. बादली भरल्यावर दोन-तीन महिने लागतात. काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं, मूळ वस्तू ओळखू न येणारं झालं की तयार. घरच्यांना पुन्हा विचारायला जाण्याआधी सुक्याची एक पिशवी भरून बादलीशेजारी ठेवा. बहुतेक बादल्या सुकं हाताशी नसल्यामुळेच बिघडतात.

आता ताट. इथे तुम्हाला थोडं निराश करावं लागणार आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली. १०० ग्रॅम प्रथिनांमागे किती किलो कार्बन (सगळे हरितवायू त्याच मापात मोजून), याची त्यांची जागतिक सरासरी अशी: मांसासाठी पाळलेल्या गुरांचं मांस ५०, बकरी-मेंढीचं २०, चीज ११, डुकराचं साडेसात, कोंबडी साडेपाचच्या जरा वर, अंडी ४, टोफू २, आणि कडधान्यं एकपेक्षाही कमी. तुम्ही गुरांचं किंवा मेंढीचं मांस सोडून चीजवर आला असाल तर फायदा झाला. कोंबडी सोडून तितकीच प्रथिनं चीजमधून घेत असाल तर तुमचा बोजा वाढलाय, जवळपास दुप्पट.

कारण सोपं आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो तेव्हा मिथेन तयार होतो आणि तो ढेकरांतून बाहेर पडतो. एक किलो चीज बनवायला साधारण दहा लिटर दूध लागतं, म्हणजे त्या दुधामागचं सगळं त्या एका किलोत गोळा होतं. या आकड्यांत उत्पादकागणिक मोठा फरक असतो, हे खरं. पण क्रम सहसा उलटत नाही: अतिशय काटेकोर गोठ्यातलं मांसदेखील साध्या डाळीच्या जवळ येत नाही.

त्यामुळे 'काय सोडलं' याच्यापेक्षा 'त्याच्या जागी काय आलं' हे बघा. जागा कडधान्यं, डाळी, सोयाबीन, शेंगदाणे यांनी घेतली तर गणित जुळतं. सगळं एकदम सोडायचीही गरज नाही. गुरा-मेंढ्यांचं मांस आठवड्यातून पाच वेळांवरून एकदा आणलं तर त्या खात्यातला चारपंचमांश बोजा गेला. उरलेल्या एकासाठी घरात भांडण कशाला?

पोषणाची बाजू दुर्लक्षित करू नका. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे ६० किलो वजनाला ५० ग्रॅम. कोरड्या कडधान्यात १०० ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. शिजल्यावर पाणी शोषून वजन वाढतं आणि तोच आकडा ७ ते ९ वर येतो. लोक शिजवलेल्या वाटीला कोरड्याचा आकडा लावतात आणि फसतात. प्राणीजन्य पदार्थ पूर्ण बंद करणार असाल तर बी-१२ वेगळं घ्यावंच लागेल, वनस्पतींमधून ते भरवशानं मिळत नाही. लोह शोषलं जावं म्हणून जेवणात आंबट फळ किंवा ताजी भाजी ठेवा आणि चहा-कॉफी जेवणानंतर तासाभरानं घ्या. लहान मुलं, गरोदर बायका, मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या ताटात बदल करायचा तर आधी डॉक्टरांना विचारा.

पोटात वायू धरतो ही तक्रार हमखास येते. कडधान्यं ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात शिजवा आणि पहिले दोन आठवडे प्रमाण अर्धं ठेवा. राजमा मंद आचेवर अर्धवट शिजवू नका. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन निकामी व्हायला किमान दहा मिनिटं खळखळून उकळी लागते, नाहीतर उलट्या होतात. कुकरमध्ये पूर्ण शिजवलात तर हा प्रश्न येत नाही.

'जवळचंच खावं' याबद्दलही गैरसमज आहे. अन्नाच्या एकूण बोज्यात वाहतुकीचा वाटा सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास. जहाजानं आलेला माल फारसा भारी पडत नाही; विमानानं आलेला मात्र त्याच अंतराला आणि त्याच वजनाला सुमारे पन्नासपट. म्हणजे लवकर नासणारं, नाजूक, लांबून आलेलं आणि हंगामाबाहेरचं फळ दिसलं तर शंका घ्या. तापवलेल्या काचघरात वाढवलेली भाजीही अशीच महाग पडते, मग ती शेजारच्या शेतातली का असेना. आणि 'ताजी भाजी थेट शेतातून' आणायला गाडीनं जाऊन-येऊन १० किलोमीटर गेलात, गाडी लिटरला १५ देते असं धरलं, तर दीड किलो कार्बन त्या फेरीचाच झाला. एक किलो भाजीसाठी हा सौदा वाईट आहे.

पुढचं खातं तापवणं-गार करणं. साधा नियम: उष्णता निर्माण करणारं किंवा हटवणारं उपकरण मोठं, उजेड-आवाज-चित्र देणारं छोटं. ९ वॉटचा एलईडी दिवा पाच तास चालला तर ०.०४५ युनिट; २,००० वॉटचा गिझर तेवढंच दीड मिनिटापेक्षा कमी वेळात खातो. म्हणून दिव्यांवरून ओरडण्याआधी शॉवरचा प्रवाह मोजा. बादली लावून एक मिनिट धरा. मिनिटाला १२ लिटर येत असतील तर ६-७ चा शॉवरहेड बसवा; गरम पाण्याचा खर्च जवळपास निम्मा होतो आणि कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. साठवणीच्या गिझरचा थर्मोस्टॅट मात्र ६० अंशांखाली नेऊ नका, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. वाचवायचं तर टायमर लावा.

स्वयंपाकात झाकण ठेवा आणि उकळी आल्यावर आच कमी करा. उकळतं पाणी मोठ्या आचेवर जास्त गरम होत नाही, फक्त लवकर आटतं. ज्योत भांड्याच्या कडेबाहेर दिसत असेल तर ती खोली तापवतेय.

एसी असेल तर दोन गोष्टी. भिंतीतून आत येणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ३६ असताना आत २० ठेवलं तर फरक १६, आत २६ ठेवलं तर १०. भिंतीतून येणारी उष्णता तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी झाली. सोबत पंखा लावा, अंगावरच्या वाऱ्यानं दोन-तीन अंश गार वाटतं.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बघतात: आतला गॅस. आर-४१०ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापवतो, आर-३२ सुमारे ६७५ पट, आर-२९० म्हणजे प्रोपेन पाचपटीहून कमी. घरगुती एसीतला एक किलो आर-४१०ए गळून गेला तर तो दोन टनांच्या वर जातो. तेवढं व्हायला नऊशे लिटर पेट्रोल जाळावं लागेल. म्हणून 'दरवर्षी गॅस भरायचा असतो' हे ऐकून घेऊ नका. ती बंद यंत्रणा आहे. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतंय, बहुतेकदा तांब्याच्या नळीच्या जोडावर. आधी नायट्रोजनच्या दाबानं गळती शोधायला लावा, जोड नवा करून घ्या, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा-ओल काढायला सांगा आणि वजन काट्यावर बघून गॅस भरून घ्या. जुना एसी किंवा फ्रिज भंगारात देताना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणाऱ्याकडेच द्या. नळी कापून तो हवेत सोडला तर वर्षभराची काटकसर पाच मिनिटांत गेली.

प्रवासाचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून थोडक्यात. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेल २.७. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या आधी तोडा. इंजिन थंड असताना ते जास्त पितं, आणि त्या अंतराला सायकल किंवा पाय पुरतात. टायरची हवा महिन्यातून एकदा बघा. लांबचा विमानप्रवास वर्षातून एकदा जरी करत असाल तरी तुमच्या हिशेबात तो बहुधा सगळ्यात वरच्या ओळीत असेल.

वस्तूंमध्ये उलटा नियम लागू होतो: चालू असलेली वस्तू 'हिरवी' वस्तू आणण्यासाठी फेकू नका. फोनच्या आयुष्यातला बहुतांश कार्बन तो बनवतानाच गेलेला असतो, तेव्हा बॅटरी बदलून तो दोन वर्षं जास्त चालवणं हीच बचत. अपवाद जुन्या तारेच्या बल्बचा. तो चालू असला तरी आजच काढा. एसी, फ्रिज, गिझर नैसर्गिकपणे बिघडतील तेव्हा चांगल्या रेटिंगचे घ्या. पण कोणता घ्यायचा ते आत्ताच लिहून ठेवा, कारण बिघडल्या दिवशी माणूस दुकानात जो समोर दिसेल तो उचलतो.

सुरुवात कशी करायची? पहिले दोन आठवडे फक्त वजन. मग माप, फ्रिजचा ट्रे, शॉवरहेड. दुसऱ्या महिन्यात चीजच्या जागी कडधान्यं, आणि मग बादली पुन्हा. एका वेळी एकच बदल, आणि शक्यतो असा की जो एकदा बसवला की रोज आठवावा लागत नाही. ताटातला बदल जो स्वयंपाक करतो त्यानं ठरवावा. दुसऱ्यानं ठरवून त्याच्या गळ्यात मारला की तो टिकत नाही. वाचलेले पैसे कशात जातात तेही बघा, विजेचं बिल कमी झालं म्हणून विमानाचं तिकीट काढलं तर खातं पुन्हा बरोबरीत.

राहिल्या अकरा पिशव्या. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेनं २०१८ मध्ये पिशव्यांची तुलना केली होती. साध्या प्लॅस्टिक पिशवीइतका हवामानावरचा बोजा उतरायला सुती पिशवी ५२ वेळा वापरावी लागते असं त्यात निघालं, आणि पाणी, ओझोन वगैरे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. समुद्रात आणि गटारात जाणाऱ्या प्लॅस्टिकचा प्रश्न त्या आकड्यात नव्हता, त्यामुळे पिशव्या आणल्या हे चुकलं नाही, अकरा आणल्या हे चुकलं. आता बारावी फुकट मिळाली तरी घेऊ नका. दोन रोजच्या वापराच्या बॅगेत घडी करून ठेवा, दोन दाराच्या कडीला अडकवा आणि उरलेल्या सातांत वाळलेली पानं भरून कंपोस्टच्या बादलीशेजारी ठेवा.